घरातल्या मूळ तैलचित्राची काळजी: काय करावे आणि कशाला हात लावू नये

कवडसा

माझ्या आत्याने आयुष्यभर आपल्या खोलीत लावलेले एक तैलचित्र आता माझ्याकडे आले आहे. ते छापील प्रत नसून कॅनव्हासवर रंगवलेले मूळ चित्र आहे. रुंदी सुमारे अडीच फूट असून विषय नदीकाठच्या झाडीचा आहे. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे, आणि मागच्या लाकडावर शाईने लिहिलेल्या वर्षावरून ते साठ वर्षांहून जुने आहे.

चित्रावर धुळीचा थर दिसतो. आकाशाचा भाग मला आठवतो त्यापेक्षा पिवळट वाटतो. झाडांच्या गडद भागात केसासारखे बारीक तडे आहेत, आणि खालच्या डाव्या बाजूला कॅनव्हास आतून काहीतरी ढकलत असल्यासारखा फुगलेला आहे. ओळखीच्या लोकांनी पावाच्या मऊ भागाने पुसण्यापासून कापलेला बटाटा फिरवण्यापर्यंत अनेक उपाय सुचवले आहेत, परंतु धीर होत नाही. हे चित्र बाजारात किती मोलाचे आहे हा माझा प्रश्न नाही. आत्याने जसे जपले तसे ते माझ्या हातून जपले जावे, एवढीच इच्छा आहे. स्वच्छता कशी करावी, ते कुठे लावावे आणि तज्ज्ञाकडे केव्हा न्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गेरू

आपण चित्राला अजून हात लावलेला नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. मी काही वर्षे चित्रसंवर्धनाच्या कार्यशाळेत काम केले आहे. तिथे दुरुस्तीसाठी येणारी चित्रे पाहताना सर्वांत जास्त वाईट वाटायचे ते कोणीतरी मनापासून केलेल्या घरगुती स्वच्छतेच्या खुणा पाहून. त्यामुळे उपायांकडे वळण्याआधी चित्र कशाचे बनलेले असते ते सांगतो, कारण ते एकदा लक्षात आले की पुढच्या बऱ्याचशा सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सर्वांत मागे लाकडी सांगाडा असतो. त्यावर ताणलेले लिननचे किंवा सुती कापड, कापडावर बहुधा सरसाचा हात, त्यावर पांढरे अस्तर, मग रंगाचे एक वा अनेक थर आणि सर्वांत वर, असल्यास, व्हार्निश. तैलरंग पाणी उडून जावे तसा वाळत नाही. जवसाचे, अक्रोडाचे किंवा खसखशीचे तेल हवेतला प्राणवायू शोषत हळूहळू घट्ट होते. हाताला कोरडे लागायला काही दिवस किंवा काही आठवडे पुरतात, पण थराच्या आत हा बदल अनेक वर्षे चालू राहतो आणि रंग अधिकाधिक ठिसूळ होत जातो. सरसाचा स्वभाव याच्या अगदी उलट असतो. हवेत ओल वाढली की तो फुगतो आणि हवा कोरडी झाली की आक्रसतो. कापड आणि लाकूड आपापल्या गतीने हलत असतात. या सगळ्यांच्या ओढाताणीत म्हातारा झालेला रंगाचा थर साथ देऊ शकत नाही, आणि तिथे आपण म्हणता तसे बारीक तडे पडतात. तडे म्हणजे लगेच धोका असे नव्हे. तड्याच्या कडा उचलल्या गेल्या आहेत की चिकटून बसलेल्या आहेत, हा खरा प्रश्न आहे.

हवा स्थिर ठेवण्याचे महत्त्व कळण्यासाठी एक उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे १९४१ मध्ये वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवण्यात आली. तिथे उष्णता आणि आर्द्रता एकसारखी राखलेली होती. लंडनमध्ये असताना ज्या चित्रांचे पोपडे पुन्हा पुन्हा बसवावे लागत, त्यांचा तो त्रास खाणीत जवळजवळ थांबला, आणि युद्धानंतर चित्रे पूर्वीच्या दालनांत परतल्यावर तो पुन्हा सुरू झाला. चित्रांवर नवा कोणताही लेप दिलेला नव्हता, बदलली होती ती फक्त भोवतालची हवा. घरी आपल्याला खाणीइतकी स्थिरता साधणार नाही, परंतु सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या आत आणि तापमान माणसाला सुखाचे वाटेल तेवढे राहिले तर चित्रालाही ते मानवते. एका दिवसात मोठे चढउतार होऊ न देणे हे नेमका आकडा गाठण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीची भीती असते. लहानसा आर्द्रतामापक चित्राच्या जवळ ठेवून महिनाभर नोंद करा, म्हणजे तुमच्या भिंतीचा स्वभाव कळेल.

आता तपासणी. खोली अंधारी करून विजेरी चित्राच्या एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. या तिरप्या प्रकाशात समोरून न दिसणारे सगळे दिसते: उचललेल्या कडा, वाटीसारखे वळलेले रंगाचे तुकडे, जुनी दुरुस्ती, खळगे. कुठेही पोपडा सुटलेला दिसला, किंवा चौकटीच्या खालच्या काठावर रंगाचे कण पडलेले आढळले, तर स्वच्छतेचा विचार तिथेच सोडून द्यावा. पडलेले कण छोट्या डबीत जपून ठेवावेत, संवर्धकाला ते उपयोगी पडतात. जुन्या पांढऱ्या रंगात बहुधा शिसे असते, म्हणून ते कण उघड्या हाताने चिवडू नयेत.

रंग सर्वत्र घट्ट बसलेला असेल, तरच कोरडी धूळ झटकावी. त्यासाठी पूर्वी कधीही न वापरलेला, नैसर्गिक केसांचा, रुंद आणि अत्यंत मऊ कुंचला घ्यावा. केस ज्या धातूच्या पट्टीत बसवलेले असतात तिच्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे चुकून ओरखडा पडणार नाही. चित्र भिंतीवरून उतरवून उभे आणि किंचित पुढे झुकलेले धरले की सुटलेली धूळ चित्रावर न बसता खाली पडते. वरून खाली, एका दिशेने, दाब न देता हात फिरवावा. कापड वापरू नये, कारण त्याचे धागे रंगाच्या उंचवट्यांत अडकतात. पिसांचा झाडू तर मुळीच नको, कारण त्यातल्या तुटलेल्या पिसाचे टोक सुईसारखे ओरखडते.

सूतकताई

माझ्या हातून झालेली चूक इथे लिहिते, कारण ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये असे मला मनापासून वाटते. आमच्या घरी आजोबांचे एक तैलव्यक्तिचित्र होते. काजळी बसून ते काळवंडले होते. मी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, मऊ फडके पिळून घेतले आणि गालाच्या भागावरून हलकेच फिरवले. फडक्यावर तपकिरी रंग उतरला. ती घाण निघत आहे असे समजून मी आनंदाने पुढे जात राहिले.

चित्र वाळल्यावर गालावरची सावली नाहीशी झाली होती आणि त्या जागी पांढरट डाग उमटला होता. नंतर एका संवर्धकांनी समजावून सांगितले की चित्रकाराने सावली अतिशय पातळ, पारदर्शक थराने रंगवली होती आणि फडक्यावर आलेल्या तपकिरीत घाणीबरोबर तो थरही होता. पाणी तड्यांमधून अस्तरापर्यंत गेल्यामुळे काही ठिकाणी पुढे पोपडेही धरले. पोपडे त्यांनी बसवून दिले, पण चित्रकाराच्या हातची ती सावली परत आणणे कोणालाच शक्य नव्हते. तेव्हापासून चित्राजवळ ओले काहीही न्यायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते.

गेरू

सूतकताई, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. पाव आणि बटाटा यांविषयीही याच ओघात सांगतो. पावाचे कण तड्यांत आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या खाचांत राहतात, आणि ते बुरशीला व किड्यांना आयते अन्न होते. बटाट्याचा रस म्हणजे पाणी आणि पिष्ट, तो वाळला की पृष्ठभागावर चिकट पापुद्रा मागे ठेवतो. थुंकीने पुसण्याचा उपाय मात्र सर्वस्वी काल्पनिक नाही. संवर्धक कापसाच्या बोळ्यावर लाळ घेऊन काही प्रकारची घाण खरोखरच काढतात, कारण लाळेतील विकरे ती सौम्यपणे विरघळवतात. पण ते आधी कोपऱ्यातल्या सुईच्या टोकाएवढ्या जागी चाचणी घेतात, कोणता रंग ओलाव्याला टिकतो ते पाहतात आणि प्रत्येक बोळा भिंगाखाली तपासतात. ही सगळी तयारी नसताना त्यातले लाळेचे तेवढे उचलणे घातक आहे.

निळसर

पिवळेपणाबद्दल विचारायचे आहे. बाजारात चित्रावरचे जुने व्हार्निश काढण्याची द्रावणे मिळतात. ती वापरून आकाशाचा मूळ रंग परत आणता येणार नाही का? माझ्याकडेही असेच एक चित्र आहे आणि त्याच्याकडे पाहताना नेहमी वाटते की काचेमागचे काही पाहत आहोत.

गेरू

आपल्याला जाणवते ते बहुधा बरोबर आहे. डॅमर किंवा मॅस्टिकसारख्या नैसर्गिक राळेचे व्हार्निश काही दशकांत पिवळे आणि पुढे तपकिरी होते. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे रेम्ब्रांटचे १६४२ मधील ‘द नाइट वॉच’. त्यातला प्रसंग रात्रीचा नाही. वरचे व्हार्निश काळवंडत गेले, पाहणाऱ्यांना अंधार दिसू लागला आणि तेच नाव रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या स्वच्छतेत खालचा दिवसाचा उजेड पुन्हा दिसू लागला.

परंतु अशा कामात वापरली जाणारी द्रावणे व्हार्निश कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो हे ओळखत नाहीत. काही चित्रकार रंगातच राळ मिसळत, काही जण व्हार्निशवर शेवटचे हलके फटकारे मारत आणि काही रंग शंभर वर्षांनंतरही द्रावणाने मऊ पडतात. शिवाय मुळात व्हार्निश आहेच असे गृहीत धरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अनेक चित्रकारांना रंगाचा मंद, कोरडा पृष्ठभागच हवा होता. कामीय पिसारोने आपल्या एका चित्राच्या मागे ‘कृपया यावर व्हार्निश लावू नये’ अशा अर्थाची सूचना लिहून ठेवली होती. अशा चित्रावर घरी व्हार्निश चढवणे म्हणजे चित्रकाराचा निर्णय पुसून टाकणे होय.

पिवळेपणाचे आणखी एक कारण असते. जवसाच्या तेलातला रंग दीर्घकाळ अंधारात राहिला तर पिवळट होतो, आणि साध्या, सौम्य उजेडात ठेवल्यावर त्यातला काही पिवळेपणा आपोआप कमीही होतो. कवडसा, आपले चित्र मधल्या काळात गुंडाळून किंवा बंद खोलीत ठेवलेले होते का? तसे असेल तर काही महिने वाट पाहण्यासारखे आहे. मात्र लवकर गुण यावा म्हणून उन्हात ठेवू नये.

निळसर

समजले. द्रावणाचा विचार सोडला. मग उजेड किती असावा, हेही सांगावे. माझ्या चित्रावर वरून लावलेला एक पिवळा दिवा आहे, तो थेट चौकटीला जोडलेला आहे.

गेरू

तो दिवा पुष्कळ गरम होत असेल तर काढून टाकावा. चौकटीला जोडलेल्या तापणाऱ्या दिव्यामुळे चित्राचा वरचा भाग रोज संध्याकाळी तापतो आणि रात्री थंड होतो, म्हणजे ज्या चढउतारापासून आपण त्याला वाचवू पाहतो तोच आपण रोज घडवून आणतो. काही अंतरावर, छताला बसवलेला एलईडी दिवा चांगला. तो बहुधा अतिनील किरण टाकत नाही आणि त्याच्या प्रकाशझोतात उष्णताही फार नसते. संग्रहालये तैलचित्रांवर साधारण १५० ते २०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड ठेवतात, आणि तेवढ्यात चित्र नीट दिसते.

ऊन थेट पडू नये, हे तर सर्वांना माहीत असते. पण उजेडाने झालेली हानी हळूहळू साठत जाते आणि भरून येत नाही, हे लक्षात घेतले जात नाही. व्हॅन गॉगच्या १८८८ मधील शयनगृहाच्या चित्रात आज भिंती निळ्या दिसतात. त्याने स्वतः पत्रात त्या फिकट जांभळ्या असल्याचे लिहिले आहे. जांभळ्यातला लाल रंग उडाला आणि निळा मागे राहिला. सगळेच रंग इतके नाजूक नसतात, परंतु आपल्या चित्रातला कोणता रंग उडणारा आहे हे घरी बसून कळत नाही, म्हणून सर्वांनाच नाजूक मानणे शहाणपणाचे आहे.

जागेबद्दल थोडक्यात सांगतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, वातानुकूलन यंत्राचा झोत, उष्णतेची साधने आणि बाहेरची ओल पकडणारी भिंत टाळावी. पर्यायच नसेल तर चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागे हवा खेळती राहते. एका खिळ्याऐवजी दोन आकडे वापरावेत. त्याने वजन विभागले जाते आणि चित्र तिरपेही होत नाही.

सूतकताई

कवडसा यांनी विचारलेल्या फुगवट्याचे उत्तर राहिले आहे, आणि मला वाटते त्यांच्या चित्राबाबत तेच सर्वांत निकडीचे आहे. माझ्या चित्रालाही तसाच फुगवटा होता.

गेरू

होय, तो विसरून चालणार नाही. सांगाड्याची खालची पट्टी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये अरुंद फट असते. त्या फटीत वर्षानुवर्षे धूळ, भिंतीच्या गिलाव्याचे तुकडे, कधी खिळा, तर कधी कोपऱ्यातली सुटलेली लाकडी पाचर जाऊन बसते. ती वस्तू आतून कॅनव्हासला ढकलत राहते, समोर फुगवटा दिसतो आणि कालांतराने नेमक्या त्याच जागी वर्तुळाकार तडे पडतात. आपला फुगवटा खालच्या बाजूला आहे, म्हणून हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

चित्र स्वच्छ चादर अंथरलेल्या टेबलावर उभे धरून, दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने मागून विजेरीने पाहावे. वस्तू दिसली तरी बोट किंवा पट्टी घालून ओढू नये, कारण पुढच्या बाजूला रंगाला धक्का बसतो. सांगाड्याच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून कॅनव्हास ताणण्याचा मोहही टाळावा. ठिसूळ रंग त्या एका ठोक्यात फुटू शकतो. फुगवटा उतरवण्यासाठी मागून पाणी शिंपडण्याचा जो जुना उपाय सांगितला जातो, तो तर अस्तर सुटण्याचे हमखास कारण आहे. हे काम संवर्धकाचे आहे आणि तसे पाहता लहानच आहे. त्याच वेळी मागच्या बाजूला आम्लरहित पुठ्ठ्याचे संरक्षक आच्छादन बसवून घ्यावे. धूळ आणि मागून लागणारे धक्के दोन्ही अडतात, आणि आर्द्रतेचा चढउतारही कॅनव्हासपर्यंत सावकाश पोहोचतो. कमी कष्टांत एवढे रक्षण करणारा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

संवर्धकाकडे नेताना चित्राच्या पृष्ठभागाला फुग्यांचे प्लास्टिक लावू नये. उष्णतेत त्या गोलांचे ठसे व्हार्निशवर उमटतात. चौकटीच्या चारही बाजूंना जाड कोपरे बसवून, पृष्ठभागापासून अंतर राखूनच वेष्टन करावे. उचलताना एक हात खाली आणि एक बाजूला धरावा. कॅनव्हासच्या मागे बोटे जाऊ देऊ नयेत, आणि गाडीत त्यावर काही टेकू देऊ नये.

निळसर

एक शेवटची शंका. समजा चित्र चुकून फाटले, किंवा त्यावर छताचे पाणी गळले, तर पहिल्या तासाभरात काय करावे?

गेरू

फाटल्यास चित्र उतरवून, रंगाची बाजू वर ठेवून आडवे ठेवावे, सुटलेले धागे कापू नयेत आणि मागून चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कापडात मुरतो आणि खरी दुरुस्ती अवघड करून ठेवतो. पाणी गळल्यास तेच: आडवे, रंग वर, सांगाड्यावरून न काढता. मागे साचलेले पाणी टिपकागदाने कॅनव्हासला दाब न देता टिपावे, आणि खोलीतली हवा खेळती ठेवून सावकाश वाळू द्यावे. केस वाळवण्याचे यंत्र किंवा ऊन यांनी कापड एकदम आक्रसते आणि रंग उखडतो. बुरशी दिसली तर चित्र इतरांपासून वेगळे करावे, मुखपट्टी लावावी आणि बुरशी झटकू नये, कारण झटकल्याने ती सगळ्या खोलीत पसरते. तिन्ही प्रसंगी हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत.

कवडसा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या तीन आठवड्यांत काय घडले ते लिहिते.

विजेरीच्या तिरप्या प्रकाशात झाडांच्या भागातले तडे चिकटून बसलेले दिसले, पण डाव्या कोपऱ्यात, फुगवट्याच्या अगदी कडेला, तांदळाएवढा एक पोपडा उचललेला होता. त्यामुळे धूळ झटकण्याचा बेत रद्द केला. मागून पाहिले तेव्हा फटीत लाकडाची एक पाचर आणि गिलाव्याचे दोन खडे दिसले. चित्र संवर्धकांकडे नेऊन दाखवले. त्यांनी आधी पोपडा बसवला, मग पाचर आणि खडे काढले, आणि फुगवटा काही दिवस हलक्या वजनाखाली ठेवून हळूहळू उतरवला. ती पाचर वरच्या कोपऱ्यातली होती, तिची रिकामी जागा तशीच दिसत होती. त्यांनी ती पुन्हा तिथे बसवून पातळ दोऱ्याने बांधून दिली, म्हणजे पुन्हा घसरणार नाही.

पिवळेपणाबद्दल त्यांचेही मत थांबण्याचेच पडले. आत्या गेल्यानंतर चित्र दोन वर्षे कपाटात गुंडाळलेले होते. सहा महिने सौम्य उजेडात राहू द्यावे आणि मगच व्हार्निशची चाचणी घ्यावी, असे त्यांनी सुचवले. आता ते आतल्या भिंतीवर, खिडकीकडे पाठ नसली तरी तिच्यापासून दूर, दोन आकड्यांवर लावले आहे. मापकावर आर्द्रता ४८ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान फिरते. एकाच जागेवरून, एकाच दिव्यात काढलेले पहिले छायाचित्र जपून ठेवले आहे, आणि मागच्या लाकडावरचे शाईचे वर्ष नव्या आच्छादनाने झाकले गेल्यामुळे त्याचेही वेगळे छायाचित्र काढून आच्छादनाच्या आतल्या बाजूला पाकिटात ठेवले आहे. सहा महिन्यांनी चित्राचे तसेच दुसरे छायाचित्र काढून, ते पहिल्याच्या शेजारी ठेवून आकाशाचा रंग इथेच कळवीन.